एस्तेरबाईंचा थापवार

रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दुपारची झोप सरळ दारातून येत नाही. ती खिडकीतून डोकावते, आत कोण आहे ते बघते आणि परत जाते. प्रमिला शिरसाट पडदा ओढून पडली आहे. नगरच्या एका इस्पितळात ती नर्स आहे. स्वयंपाकघरात तिचा नवरा भानुदास कुकरची शिट्टी वाजू नये म्हणून चमच्याने ती उचलून धरून उभा आहे, असं तो नंतर सांगतो. खरंखोटं त्याचं त्याला माहीत.

आज संध्याकाळी तिची मुलाखत आहे. आयर्लंडमधलं एक इस्पितळ कॉम्प्युटरवरून तिचं इंग्रजी तपासणार आहे. दुसऱ्यांदा, आणि शेवटचं. यानंतर वयाची अट आडवी येते.

पहिल्या वेळी ती आणि वॉर्डातल्या आणखी चौघी एकाच दिवशी बसल्या होत्या, एकाच क्लासने छापून दिलेली उत्तरं पाठ करून. 'अवघड पेशंटबद्दल सांगा' असं विचारलं की आजोबांचं सांगायचं. आजोबा औषध घेत नव्हते, मी त्यांचा हात हातात घेतला, ते शांतपणे गेले. पाचवीचा नंबर येईपर्यंत पडद्यावरच्या गोऱ्या बाईंनी चष्मा काढून ठेवला होता. त्यांनी फार नम्रपणे विचारलं, तुमच्या गावात सगळ्यांना मिळून एकच आजोबा असतात का?

पाचवी प्रमिला होती. या प्रश्नाचं उत्तर छापलेलं नव्हतं. तिथेच सगळं संपलं. बाकीच्या चौघींनी नाद सोडला. प्रमिलाने सोडला नाही, पण पाठ मात्र पुन्हा आजोबाच केले आहेत. आताही ते तिच्या ओठांवर आहेत. ते पुन्हा एकदा औषध नाकारतात, आणि प्रमिलाच्या कपाळावर टप्पकन खडू बसतो.

"ऊठ गं प्रमिले. शुक्रवार आहे आज."

एस्तेरबाई उजगरे फळ्यापाशी उभ्या आहेत. पांढरं पातळ, खांद्यावर पदर पिनेने टाचलेला, समोरच्या एका दाताची जागा रिकामी. बाई गेल्या थंडीत वारल्या, प्रमिलाच्याच वॉर्डात. पण हे त्यांना आत्ता कोण सांगणार? रेक्झिनच्या दुकानावरची ती खोली, तेच बाक. इथे बाई मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायच्या. बँकेतले कारकून, एक फौजदार, नर्सेस. सगळ्यांना व्याकरण येत होतं, फक्त तोंड उघडत नव्हतं. बाई म्हणायच्या, पोरांना भाषा शिकवायची असते, मोठ्यांची आधी लाज काढावी लागते.

त्यासाठी दर शुक्रवारी थापवार. त्या दिवशी वर्गात खरं बोलायला बंदी. इंग्रजीत थाप मारायची, आणि बाई एक बोट वर करणार. बोट वर म्हणजे 'मग पुढे?' खरं काय, घरून पाठ करून आणता येतं. थाप मात्र उभ्या उभ्या रचावी लागते. ज्याच्या थापेला बाई हसतील त्याला आलेपाकाची वडी.

"माझे आजोबा," प्रमिला इंग्रजीत सुरू करते, "औषध घेत नव्हते..."

"निजू दे त्या म्हाताऱ्याला. पाच जणींच्या हातात पाचदा मेला बिचारा. थाप सांग."

"बाई, मुलाखत आहे हो आज."

"म्हणूनच म्हणते. उभी राहा."

प्रमिला उभी राहते. मग तिचं तिलाच ऐकू येतं, ती इंग्रजीत सांगते आहे, की आमच्या वॉर्डात एकदा पैलवान आला, त्याला उचकी लागली होती.

बाईंचं बोट वर.

"उचकी एवढी मोठी, की प्रत्येक उचकीला खाट हातभर पुढे सरकायची."

"ब्रेक नव्हता का खाटेला?"

"लावला ना बाई. ब्रेक जागेवर राहिला, खाट गेली."

बाई ओठ मिटून घेतात, हसू बाहेर पडू नये म्हणून. बाकांना चाकं फुटली आहेत. वर्ग म्हणजे वॉर्डच आहे, आणि दोघी त्या खाटेवर पाय सोडून बसल्या आहेत. खाट जिना उतरते. रेक्झिनवाला गल्ल्यावरून न उठताच नमस्कार करतो.

"पैलवान कुठाय?" बाई विचारतात.

"तो मागून पळतोय. उचकी खाटेला लागली ना."

खाट कापडबाजारातून जाते, सराफांच्या दुकानांतले काटे डुलायला लागतात. भुईकोट किल्ल्याच्या खंदकात पाणी नाही, समुद्र आहे. खाट त्यात उतरते आणि तरंगते. प्रमिलाला थांबताच येत नाही. ती सांगते, की उचकी थांबवायला डॉक्टरांनी खाटेला साखर चारली, खाटेने आणखी मागितली. ती सांगते, की कलेक्टरसाहेबांनी या खाटेला एसटी बसचा दर्जा दिला. एकही वाक्य तिने आधी कुठे वाचलेलं नाही. क्रियापदं कुठूनशी आपापल्या जागी येऊन बसतात. बाई पदर तोंडात धरून हसतात, दाताच्या रिकाम्या जागेतून हसू शिट्टीसारखं निघतं.

मग खाट थांबते. ही वॉर्डातली बाईंची खिडकीजवळची खाट आहे. बाईंच्या हाताला सलाईन आहे.

"आता एक खरं सांग," बाई म्हणतात. "इंग्रजीतच. तुझ्या वॉर्डात सगळ्यात अवघड पेशंट कोण होतं?"

"तुम्हीच की, बाई."

"अगं, मग इतके दिवस दुसऱ्यांचे आजोबा कशाला मारत बसलीस?"

प्रमिला सांगते. तुम्ही इंजेक्शन घ्यायच्या नाहीत. आधी थाप सांग, मग टोच म्हणायच्या. साखर वाढलेली असताना उशीखाली आलेपाक लपवायच्या, मी काढून घेतला की मला चोर म्हणायच्या. शेवटच्या दिवशी तुमचा आवाज गेला होता. मी म्हटलं, उद्या तुम्ही घरी जाणार. तुम्हाला कळलं, ती थाप होती. तुम्ही बोट वर केलंत.

"आणि तू रडायला लागलीस."

"मला पुढचं सुचेना."

बाई बोट वर करतात. तस्संच.

प्रमिला डोळे पुसते. "मग पुढे," ती म्हणते, "तुम्ही घरी गेलात. रिक्षावाल्याशी इंग्रजीत भांडलात. त्याला अर्धंच कळलं, पण तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर येऊन बसला."

बाई मोठ्याने हसतात. ओच्यातून वडी काढतात, आधी स्वतः दातांनी कडकन तोडतात.

"एवढी चालते आता मला. आता डॉक्टर विचारत नाहीत," असं म्हणून त्या उरलेली तिच्या मुठीत दाबतात. "जा. पडद्यावरच्या बाई थांबल्यात तुझ्यासाठी."

"चहा झाला गं," भानुदास म्हणतो. पडदा सरकलेला आहे, ऊन उतरलं आहे. "आणि मुठीत काय धरलंयस?"

प्रमिला मूठ उघडते. आलेपाकाची वडी, कोपरा तोडलेला.

"झोपेत खाल्लीस की काय? घरात तर आलेपाक नाही."

ती वडी उजेडात धरते. तोडलेल्या कडेवर दातांच्या खुणा आहेत, आणि मधोमध एका दाताची जागा रिकामी. भानुदास स्वतःचे दात जिभेने चाचपून बघतो. त्याचे सगळे आहेत. तिचेही.

पडद्यावर त्याच गोऱ्या बाई येतात. प्रश्नही तोच.

"माझी सगळ्यात अवघड पेशंट," प्रमिला इंग्रजीत म्हणते, "माझी इंग्रजीची शिक्षिका होती. ती थाप ऐकल्याशिवाय सुई टोचून घेत नसे."

बाईंच्या हातातलं पेन थांबतं. त्या पुढे वाकतात. "मग पुढे?"

बाहेर दाराला कान लावून उभ्या असलेल्या भानुदासला इंग्रजी कळत नाही, पण हसणं कळतं. पडद्यावरच्या बाई हसतात, खोकतात, पाणी पितात, पुन्हा हसतात. शेवटी त्या विचारतात, आमच्याकडे कधी येऊ शकाल?

"आमच्याकडे एक खाट आहे," प्रमिला गंभीरपणे म्हणते. "तिला उचकी लागली तर उद्या सकाळीच."

ती बाहेर येते. भानुदास तिचा चेहरा बघतो आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल ओढतो. वडी टेबलावर बशीत ठेवलेली आहे. प्रमिला उरलेली अर्धी तोडते, दातांच्या खुणांची बाजू मात्र तशीच राहू देते. जिभेवर आलं चरचरतं.