जड हेल्मेट आणि हलका गॉगल

मला गाडी लागते. आमच्या राहू गावाहून तळेगाव ढमढेऱ्याला जीपनं जायचं म्हटलं की पहिल्या वळणालाच पोटात ढवळायला लागायचं. तळेगावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते, तरी पर्समध्ये लिंबू आणि एक रिकामी कॅरीबॅग असायचीच. क्लास चालवणाऱ्या सरांना हे ठाऊक होतं. म्हणूनच पुढं एका वेगळ्याच कामाला त्यांनी मला धरलं.

सर दौंडचे. हात उचलायला त्यांना कारण लागायचं नाही. कीबोर्डवर चहा सांडला म्हणून कॉलेजात जाणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या पाठीत त्यांनी तोच कीबोर्ड घातला होता, बटणं खोलीभर उडाली होती. पुण्यातलं एक गेम पार्लर बंद पडलं, तिथून त्यांनी डोळ्यांना लावायची दोन यंत्रं आणली. आत छोटे पडदे, मान फिरवली की चित्रही फिरायचं. याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात, हे मी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. यात्रेत तंबू ठोकून हे लोकांना दाखवायचा त्यांचा बेत होता. त्याआधी कोणत्या यंत्रानं कमी मळमळतं, कोणतं डोक्याला सोसतं, ते मी बघायचं. मला चाललं तर सगळ्या तालुक्याला चालेल, असं त्यांचं म्हणणं.

पहिलं होतं काळं हेल्मेट. मोटारसायकलच्या हेल्मेटहून जड, आणि सगळं वजन कपाळावर. मागं एक चाकी होती, ती पिळली की आतला पट्टा डोकं आवळायचा. खेळ एकच. अंधाऱ्या बोळातून कुऱ्हाडी घेतलेली माणसं अंगावर यायची, हातातलं बटण दाबून त्यांना मारायचं, आणि रक्त डोळ्यांसमोर उडायचं. मान वळवल्यावर चित्र जरा उशिरा वळायचं. तेवढ्या उशिरानंच सगळा घोळ व्हायचा. चौथ्या मिनिटाला मी बादलीत ओकले.

दुसरा होता गॉगल. हलका, चित्र लहान, नाकावर रुतणारा. पण त्याच्या कडेनं उजेड आत यायचा, टेबलाची कड आणि माझे पाय दिसायचे, त्यामुळे आपण कुठं आहोत ते शरीराला कळत राहायचं. त्यात मी अकरा मिनिटं टिकले.

आठ दिवस मी हेच केलं. बसून, उभी राहून, जेवून, उपाशीपोटी. वहीत लिहीत गेले. कपाळावर पट्ट्याचा लाल वळ उठला, नाकाची सालं निघाली, मान वळेना. सहाव्या दिवशी हेल्मेटमध्ये एक कुऱ्हाड अशी आली की मी बाजूला झेपावले ती हेल्मेटसकट तोंडावर कपाटाच्या कोपऱ्यावर आदळले. हेल्मेटची आतली कड रुतून भुवई फाटली. सरांनी हेल्मेटच्या आतलं रक्त फडक्यानं पुसलं आणि ते परत माझ्या डोक्यावर दाबून बसवलं. आणखी एकदा, म्हणाले.

शेवटी मी सांगितलं, गॉगलच वापरा, माणसाला खुर्चीवर बसवा, पाच मिनिटांच्या वर नको, आणि जेवून आलेल्याला तर नकोच. सर म्हणाले, गॉगल घातलेला माणूस किरकोळ दिसतो, हेल्मेट बघून गर्दी जमेल. मी हट्ट धरला तेव्हा त्यांनी माझी वही माझ्या तोंडावर फेकली. त्यानंतर मी गप्प बसले. ते आजही मला टोचतं.

यात्रा भीमेकाठच्या गावची. भर दुपार, तंबूबाहेर जनरेटर धडधडत होता. आत एका टीव्हीवर लोकांना खेळ दिसायचा. जेवणाच्या वेळेपर्यंत तिघं ओकून गेले होते. खुर्ची सरांनी केव्हाच बाहेर काढली होती.

मग एक पैलवान आला, सोबत थोरला भाऊ. घरचे पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायचे, आता शेती. दोघं मटण जेवूनच आलेले. सरांनी हेल्मेट त्याच्या डोक्यावर चढवलं आणि निसटू नये म्हणून चाकी गच्च पिळली. दुसऱ्याच मिनिटाला पैलवान म्हणाला की गरगरतंय. सर म्हणाले, उभा राहा. तेवढ्यात टीव्हीवर कुऱ्हाडवाला आला आणि पैलवानानं बटण सोडून मूठच चालवली. ती सरांच्या जबड्यावर बसली. सरांनी तंबूचा लोखंडी गज उचलून त्याच्या पाठीत घातला.

तो आंधळ्यासारखा फिरला, हेल्मेटच्या आतच ओकला, हात झाडत सुटला. त्याच्या कोपरानं गावातल्या एका वजनदार म्हाताऱ्याचं नाक फुटलं, पागोटं खाली पडलं. म्हाताऱ्याची माणसं आत घुसली. पाच-सहा जण एका माणसावर तुटून पडले, आणि त्याला त्यातला एकही दिसत नव्हता. हेल्मेटवर बसणारे फटके डब्यावर मारल्यासारखे वाजत होते.

त्याचा थोरला भाऊ पुढं आला. हातात बांबू. मला वाटलं, आता हा सोडवणार. त्यानं नेम धरून धाकट्याच्या उजव्या हातावर बांबू घातला. परत घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग बांबू टाकून तो गर्दीत मिसळला.

मी आत घुसले. बरगडीत कुणाचा तरी गुडघा बसला. चाकी सैल करून हेल्मेट ओढलं, तर त्याच्या तोंडावरून रक्त आणि ओकारी एकत्र ओघळली.

सरांचा जबडा मोडला होता. पोलिसांना मी मारामारी सांगितली, भावाचं सांगितलं नाही. भ्याले.

दीडेक महिन्यानं पैलवान क्लासवर आला. हात प्लॅस्टरमध्ये. बाकावर बसून हळू आवाजात त्यानं विचारलं, "मॅडम, हातावर कुणी मारलं? तुम्ही बघितलंय."

मी विचारलं, कळून काय करणार?

"बाकीचे कुठंबी मारत हुते. ह्यो नेम धरून मारत हुता. ह्याच हातानं मी कुस्ती खेळतो, त्याला ठावं हुतं."

मी म्हणाले, "तुमच्या थोरल्या भावानं."

विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांत वर्षभर धुसफूस होती, एवढं तो बोलला आणि उठला.

प्लॅस्टर निघालं त्याच आठवड्यात, तळेगावच्या बाजारात, भाजीच्या ढिगांमधून त्यानं भावाला ओढत रस्त्यावर आणलं आणि त्याचा उजवा हात गुडघ्यावर ठेवून मोडला. लोक बघत राहिले. मी जीपच्या थांब्यावर होते. किंकाळी तिथपर्यंत आली.

थोरल्याचा हात पुन्हा सरळ झाला नाही. धाकटा काही महिने तुरुंगात राहिला. मी क्लास सोडला.

तो आत असताना मी एकदा त्याच्या घरी गेले. त्याची बायको अंगणात लसूण निवडत होती. मी कोण ते तिला सांगावं लागलं नाही. तिनं चहा ठेवला.

मी म्हणाले, मी बोलायला नको होतं.

"बरं केलं सांगितलं," ती म्हणाली. "न्हाईतर त्यो सगळ्या भावकीवर संशय धरून बसला असता. माज्या भावांवरबी."

मला ते पटलं नाही. तिलाही पुरतं पटलं असेल असं वाटलं नाही. तिच्या जावेचं घर समोरच होतं, दार बंद. मी चहा प्यायले आणि तिच्यासोबत उरलेला लसूण निवडत बसले.