एकच्या पोटातलं शिसं

लूमखाली कापसाची धूळ साचते ना, सकाळी झाडा, संध्याकाळी परत हाय तेवढीच! आमच्या बैठकीचे किस्से तसेच. एक उचलावा तर त्याला चिकटून दुसरा येतो. आणि सगळे घाबरल्याचे, बरं का! मोठ्या माणसाला घाबरताना बघण्यासारखी करमणूक नाही, असं मी आत्ताआत्तापर्यंत म्हणायचो.

बैठक तिघांची. मी नाना, सातवी नापास, जन्मभर कापडाचे लूम दुरुस्त केले. दुसरा दत्तू पाटील, जमिनीवर गोदामं बांधून भाडं खाणारा, देहाने रेडा, काळजाने चिमणी. तिसरे अन्सारीचाचा, रिटायर कारागीर. कोन गावात दत्तूचा बंद कारखाना आहे. लूम भंगारात गेले, पुढची खोली राहिली. दुपारी आम्ही तिथे.

खेळ आणला माझ्या जावयाने. म्हणाला, "मामा, हा एकट्यानेच खेळायचा. म्हणजे तुम्ही लोकांच्या खोड्या काढणार नाही!"

कागदावर भुयार काढत जायचं, एकाखाली एक तीन मजले. फासा टाकायचा आणि छापील तक्त्यात बघायचं: पुढे खोली की बोळ, आत खजिना की राक्षस. मारामारी पण फाशावरच, फक्त तो फासा वेगळा. आपला गडी मेला की कागद फाडायचा. कारखान्यात साडीच्या डिझाईनचे जुने ग्राफ पेपर ढिगाने पडलेले. इंग्रजी तक्ते वाचायला बारावी पास दत्तू. झालं! एकट्याने खेळायचा खेळ तिघं मांडीला मांडी लावून खेळू लागलो. ज्याचं त्याचं भुयार, ज्याचं त्याचं मरण.

*

पहिल्याच आठवड्यात दत्तूच्या तक्त्यात आलं, 'दाराला कान लावून ऐका.'

हा पाटील उठला आणि कारखान्याच्या खऱ्या दाराला कान लावून उभा राहिला! पलीकडे अंधारी, रिकामी शेड. इतक्यात आतून आवाज आला, खट्... खट्... खट्.

"नाना, आत लूम चालतोय रं!"

"लूम तर तूच इकलास."

"म्हनूनच सांगतोय!" दत्तू ओरडला आणि चपला सोडून थेट नाक्यावर.

खिडकीतून दोरा घालून आतला लूमचा एक जुना लाकडी धोटा मी फळीवर आपटत होतो. दोऱ्याचं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला!

*

चाचांनी त्यांच्या गड्याला स्वतःचंच नाव दिलं होतं. तो उंदरांच्या हातून मेला. चाचांनी कागद फाडला, गुमान घरी गेले. सुनेने विचारलं, "अब्बा, खाना लगाऊँ?"

"नहीं बेटी. आज मैं मर गया."

सुनेने हातातलं ताट टाकलं आणि फोन लावला. मुलगा पडघ्याला गोदामात माल उतरवत होता, तो ट्रक तसाच टाकून घरी. बाप खाटेवर बसलेला! त्या दिवशी मुलगा बापाला जे बोलला ते मी सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी नियम केला, "नानाभाई, जिंदा आदमी का नाम नहीं लिखने का. कागज फटता है तो अंदर कुछ होता है."

मी हसलो. दत्तू हसला नाही.

*

फासे बघून कुणीतरी जुगाराची चुगली केली. हवालदार आले.

"पैसे कुठायत?"

"पैसे नाहीत साहेब, जीव लावलाय!" मी म्हणालो.

त्यांनी टोपी काढली, म्हणाले, दाखवा कसा जुगार ते. बसले. तिसऱ्या खोलीत त्यांना कोळ्याने खाल्लं. चहा न घेता गेले. दोन दिवसांनी साध्या कपड्यात आले आणि हळूच विचारलं, "त्या खोलीत न जाता वळता आलं असतं का हो?"

*

आता हे शेवटचं.

दत्तूच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी बायपास सांगितलं, लवकर. दत्तू म्हणाला, "मना न्हाय कापून घ्यायचा." कोण कोण समजावून गेलं. न्हाय म्हणजे न्हाय.

मग त्याची बायको माझ्या दारात. "नाना, त्यांनी कागदावर सोताचा नाव लिवलाय. तिसऱ्या मजल्यावरनं जिता भायेर आला तरच आपरेशन करनार म्हनतात. या नादाला तुमीच लावलंत. आता तुमीच काढा."

वैनी रडत होत्या. मी म्हणालो, घाबरू नका, हातचा मळ आहे!

मला माहीत होतं, मारामारीत सहा पडला की समोरचा मेलाच. मी एक फासा घेतला, एकच्या बाजूला भोक पाडलं, मासे धरायच्या जाळ्याला लावतात ते शिसं भरलं, वरून ठिपका रंगवला. जड बाजू खाली, सहा कायम वर. दुपारी दत्तूचा मारामारीचा फासा उचलला, माझा ठेवला.

पहिला कोळी, सहा! सांगाडा, सहा! दत्तूच्या तोंडावर रंग आला. चाचा "वाह, पाटील!" म्हणून मांडी थोपटत होते. मी मनात बँडबाजा लावला.

शेवटचा जिना आला. दत्तूने तक्ता वाचला, "तिसऱ्या मजल्यावर उतरताना मशालीसाठी मारामारीचा फासा टाका. सहा पडला तर मशाल विझली."

माझा गडी कधी पहिल्या मजल्याखाली जिवंत उतरलाच नव्हता. मला हा नियम माहीत कुठून असणार!

सहा. दुसरी मशाल पेटवली. परत सहा. तिसरी, शेवटची. सहा.

दत्तू पुढचं वाचायला लागला. "अंधारात तोच फासा फक्त एकदाच टाका. एक पडला तर चाचपडत बाहेर. दुसरं काहीही पडलं तर..." पुढे वाचलं नाही. कागदावर वर त्याचं नाव, गोल अक्षरात.

भर दुपारी मीच घाबरलो. खरं सांगितलं तर हा माणूस परत कुणाचं ऐकणार नाही. नाही सांगितलं तर कागद फाटणार. मी फाशावर झडप घालायला हात उचलला.

"नाना, हात लावू नको," दत्तू म्हणाला. "माजा हाय तो."

आणि टाकला.

फासा फळीवरून घरंगळला, ग्राफ पेपरवर आला, एका कोपऱ्यावर फिरत राहिला. थांबला.

एक.

"या अल्ला!" चाचा म्हणाले. दत्तू लहान पोरासारखा रडला. त्याच आठवड्यात त्याने ऑपरेशन केलं. आता सकाळी कल्याण रोडने चालायला जातो आणि मला विचारतो, "नाना, खोड्या सोडल्यास व्हय रं? बरा हायस ना?"

तो फासा माझ्या खिशात असतो. कितीदा टाकला त्याला हिशोब नाही. हा घ्या, तुम्ही टाकून बघा.

सहाच पडेल.