अक्षरं हलत होती ते वर्ष

माझी मुलगी चौथीत होती. ते वर्ष आठवलं की सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं, माणसं पुसट आणि आवाज मात्र स्पष्ट.

आम्ही डोणगावचे. नवरा शेती पाहतो, मी घरी शिवणकाम करते. दुपारी मी मशीनवर बसले की ती शेजारी बसून कविता वाचायची. गोड आवाजात, न अडखळता. एकदा सहज वाकून पाहिलं, तर पुस्तकाचं भलतंच पान उघडं होतं. वर्गात ऐकलेलं ती तोंडपाठ म्हणत होती.

मी मशीन थांबवली. "पुस्तकात पाहून वाच ना, बाई."

"अक्षरं हालते, आई. एक ओळ पकडली का खालची वर येते."

विहिरीत मासे दिसतात असं सांगावं, तितक्या शांतपणे ती म्हणाली. सगळ्यांनाच तसं दिसतं असं तिला वाटत होतं.

मेहकरच्या डॉक्टरांनी डोळे तपासले. चष्मासुद्धा लागला नाही. नवरा म्हणाला, "डोये चांगले हायेत, तं मंग वाचत काऊन नाही?" तो रागावला नव्हता, घाबरला होता. वर्गातल्या बाईंचं म्हणणं, पोरीचं लक्षच नसतं.

मग तालुक्यातल्या शाळांमधून फिरणाऱ्या विशेष शिक्षिका आमच्या शाळेत आल्या. वाचन-लेखनात अडणाऱ्या मुलांना त्या पाहायच्या. मी जाऊन भेटले. व्हरांड्यात तिला शेजारी बसवून त्यांनी पुस्तक उघडलं आणि एक ओळ सोडून बाकीचं पान तळहातांनी झाकलं. पोरीनं ती ओळ वाचली. हळूहळू, एकेका अक्षराला हात लावत, पण वाचली. समोर मैदानात ऊन पसरलं होतं आणि मला काही क्षण पोरांचा गलकाही ऐकू येईना.

"डोळ्यांना नीट दिसतं," त्या म्हणाल्या, "पण दिसलेलं डोक्यात लावताना गोंधळ होत असावा. तपासणीशिवाय नक्की सांगता येणार नाही. ती बुलढाण्याला होते, पण शाळेनं पाठवायला हवं."

मुख्याध्यापक तयार नव्हते. "हुशार पोरगी आहे, येईल वाचता. उगाच नाव लागंन तिले."

"नाव तं लागलंच, सर. वर्गातले पोरं तिले आंधळी म्हणते."

त्यांनी समोरचं हजेरीपत्रक पुढे ओढलं. त्या दिवशी होकार मिळाला नाही. मी पुन्हा गेले, त्यानंतरही गेले, आणि एका सकाळी त्यांनी स्वतःच विशेष शिक्षिकांना फोन लावला.

बुलढाण्याला गेलो तेव्हा थंडी होती. चिखली सोडल्यावर एस.टी.च्या काचा धुक्यानं पांढऱ्या झाल्या आणि पोरगी त्यावर बोटानं गोल काढत बसली. तपासणीच्या खोलीत मला घेतलं नाही. दाराच्या काचेतून दिसत होतं. रेघांच्या गुंत्यात लपलेले आकार ती शोधत होती, ठोकळे जुळवत होती. तिचं बोट कागदावरून इतकं सावकाश फिरत होतं की पाहता पाहता मलाच गुंगी आली.

तपासणाऱ्या मॅडमनी नंतर समजावून सांगितलं. बुद्धीत काही कमी नाही. नजरेनं आलेलं लावून घ्यायला हिला वेळ लागतो, आणि गर्दीचं पान असलं की ओळी एकमेकींत शिरतात. पूर्ण जाईल असं नाही, पण मदत मिळाली तर शिकेल.

मी नवऱ्याला फोनवर सांगितलं. त्यानं सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे पोरगी खोटं बोलत नव्हती."

त्यानंच जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून पट्टी केली आणि तिच्यात एका ओळीएवढी फट पाडली. ती पट्टी पानावर सरकवत पोरगी वाचू लागली. वर्गातल्या बाई फळ्यावरचं तिला मोठ्या अक्षरात वहीवर लिहून देऊ लागल्या, एका पानावर एकच गणित. कधी विसरायच्या. मग पोरगीच उठून सांगायची, "बाई, मले मोठं लिहून द्या." तिला मागायची लाज वाटत नाही, हे पाहून मला आतून फार हलकं वाटलं.

वार्षिक परीक्षेत तिला जास्तीचा वेळ मिळाला. वर्ग रिकामा झाला, पोरं घरी गेली. लिंबाखाली बसून मी दाराकडे पाहत होते. आत ती एकटी, मान खाली घालून, आणि शेजारी बाई प्रश्न वाचून दाखवत होत्या. पाखरांचा आवाज तेवढा येत होता.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसा गेला पेपर?"

"शेवटचं राह्यलं थोडं," ती म्हणाली. "बाकी सारं माह्यं मीच लिहिलं."