प्रमाणपत्र समक्षच मिळेल

देवळाली कॅम्पातले माझे घरमालक काका देवाला मानतात, पण प्रमाणपत्र नसेल तर देवालाही ते आपल्या संगणकात शिरू देणार नाहीत. कपाटावरच्या त्या लहानशा संगणकात घरादाराचे फोटो आहेत, काकूंची भजनं आहेत, सातबाऱ्यापासून सगळे कागद आहेत. घरातून असो की बाहेरून, ते फोनवर उघडायचे तर काकांनी स्वतः बनवलेलं डिजिटल प्रमाणपत्र आपल्या फोनमध्ये हवं. नुसत्या पासवर्डवर त्यांचा विश्वास नाही. म्हणतात, "पासवर्ड काय, पोपटसुद्धा बोलून दाखवील." ही प्रमाणपत्रं ज्या मूळ किल्लीने तयार होतात, ती एका पेनड्राइव्हमध्ये, कपाटातल्या लॉकरात असते. तिला जागा हवी म्हणून काकूंच्या पाटल्या तांदळाच्या डब्यात गेल्या.

मी कळवणचा, घराण्यातला पहिला पदवीधर. भाडेकरू म्हणून आलो तेव्हा माझ्या पदवीचा फोटो काकांनी आपणहून त्या संगणकात ठेवून घेतला आणि मलाही प्रमाणपत्र दिलं. मला दुसऱ्यांदा पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

त्यांचा नियम असा, की मुदत वर्षाची आणि नवीन प्रमाणपत्र समक्षच. मेलवर नाही, व्हॉट्सॲपवर नाही. एकदा काकूंचीच मुदत संपली आणि भजन मध्येच अडलं.

"अहो, लग्नाची बायको आहे मी!" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"असशील. फोन घेऊन इकडे ये."

त्यांचा मुलगा बंगळुरूला. भांडून गेला नव्हता, नुसता येईनासा झाला होता. त्याचीही मुदत संपली, आणि त्याला मुलीच्या बारशाचे फोटो हवे होते. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं.

"बाबा, मेल करा ना. दोन मिनिटांचं काम."

"घराची किल्ली कुणी रस्त्यावर फेकतं का? ये आणि घेऊन जा."

फोन बंद झाल्यावर काकू म्हणाल्या, "या तुमच्या नियमापायी पोराला तोडाल एक दिवस." त्या दिवशी काका जेवले नाहीत.

दिवाळीत तो आला, मुलीला कडेवर घेऊन. काकांनी त्याला चहासुद्धा घेऊ दिला नाही. फोन मागून घेतला, लॉकर उघडला आणि पूजेला बसावं तसे संगणकासमोर बसले. मी दारातच थबकलो. मुदतीचा आकडा भरायची वेळ आली तेव्हा काकू त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. या सगळ्या खटाटोपाला कायम नावं ठेवणाऱ्या काकू अगदी हळू म्हणाल्या, "अहो, याला तीनच महिन्यांचं द्या."

काकांनी वळून पाहिलं नाही. बारा खोडले आणि तीन लिहिले.