बिल्ला नंबर दोनशे चौदा

चहा घ्या आधी. मग सांगतो मी स्वतःची शोभा कशी करून घेतली. तीही दोनदा, एकाच स्टुलावर चढून.

आमचे अण्णा पिंपरीत कापडगिरणीत विणाईखात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी सात वर्षांचा. मग तिथं नुसती झाडं वाढली, आणि आता काय झालंय म्हणता? कॅफे! काचेच्या बरण्यांत बॉबिनी भरून ठेवल्यात. आडवं सूत नेणारा जो लाकडी धोटा मागातून उडून अण्णांच्या कपाळाला लागला होता, तसल्या धोट्यावर हे लोक बिल आणून देतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाकणला आठ तास लाइनवर उभा राहून आलेला माणूस मी, मला रागवायला कारण थोडंच लागतं.

रविवारी त्यांनी जुन्या कामगारांना चहाला बोलावलं होतं. अण्णांना पायऱ्या झेपतील का, ते बघायला मी शनिवारी गेलो. दाराशीच हजेरीच्या दोन जुन्या फळ्या लावलेल्या, 'आत' आणि 'बाहेर'. गिरणीत प्रत्येकाला नंबरचा पितळी बिल्ला असायचा. कामावर आलं की आपल्या हातानं तो 'बाहेर'वरून काढून 'आत'वर टांगायचा. अण्णांचा दोनशे चौदा. आमच्या घरात तांब्यापासून डब्यापर्यंत सगळ्यावर नावाऐवजी तोच कोरलाय.

'आत'ची फळी गच्च भरलेली. 'बाहेर'वर दोन-चार बिल्ले, आणि त्यात दोनशे चौदा.

"हे कुणी लावलं?" मी ओरडलो.

मॅनेजर म्हणजे पंचविशीतली पोरगी. "सर, आम्ही काहीच हलवलेलं नाही. गिरणी बंद झाली त्या दिवशी जाताना कुणी बिल्ले परत 'बाहेर' लावलेच नाहीत, ते तसंच ठेवलंय."

"माझा बाप तापात कामावर गेलाय. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गेलाय. त्याला गैरहजर लावता? उद्या तो इथं येऊन हे बघणार?"

"पण सर..."

"स्टूल आणा."

आवाज असा चढला की हिंजवडीच्या लॅपटॉपवाल्यांनी कानातले इयरफोन काढले. स्टूल आलं. मी चढलो, बिल्ला 'आत' टांगला, उतरलो. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या राव. मी छाती काढून घरी गेलो.

रविवारी अण्णांना घेऊन गेलो. कडक इस्त्रीचा सदरा, टोपी. फळीपाशी थांबले, चष्मा वर केला, आणि चेहरा लालबुंद झाला.

"ह्यो कुणी हलवला?"

"मीच. बाहेर लावलं होतं तुम्हाला. झापलं सगळ्यांना."

"गाढवा, त्या दिवशी मी आलोच न्हवतो."

"तुम्ही? खाडा?"

"येकच. तू संत तुकाराम नगरच्या खोलीत खिडकीच्या गजांत मुंडकं घालून बसला हुतास. सकाळधरनं बोंबलत. वेल्डर हुडकून गज कापून घेस्तवर दुपार झाली. हिकडं गेटाला कुलूप. माणसं येकमेकाच्या गळ्यात पडून रडली म्हणं. मी न्हवतो." त्यांनी बिल्ल्याकडं बोट केलं. "माझ्या मागाला शेवटचा हात लावायचा ऱ्हायला. तुझ्यापायी."

ते गज मला आठवत होते, दिवस कुठला ते नाही. मला आजवर वाटायचं, ते गिरणीचा विषय मालकावरच्या रागानं काढत नाहीत.

"काढ त्यो. खोटी हजेरी मी कधी लावली न्हाई."

मग काय? तेच स्टूल, तीच पोरगी, तेच लॅपटॉपवाले. बिल्ला परत 'बाहेर' टांगला. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही.

पोरीनं हळूच विचारलं, "आजोबा, ही हकीकत खाली कार्डावर लिहू का?"

"काही गरज नाही," मी म्हणालो.

"लिव्हा," अण्णा म्हणाले. "नाव पन टाका त्याचं. पुरं."

गेलात तर बघा. 'दोनशे चौदा. गैरहजर. मुलाचं डोकं गजांत अडकल्यामुळे.' खाली माझं पूर्ण नाव, मधे वडिलांचं. बाकी सगळ्या भिंतींवर नुसते नंबर. ज्या गिरणीत त्यांची उमेदीची वर्षं गेली, तिथं अण्णांचं नाव एकाच जागी लिहिलंय, आणि तेही माझ्या अडकलेल्या मुंडक्याखाली.