हिरवं लुगडं

आमच्या देगलूरच्या कापड दुकानात देव किती, हे मोजायच्या भानगडीत मी कधी पडले नाही. फोटोतली लक्ष्मी एक; बाकी उंबरा देव, गादी देव, मीटरपट्टी देव, कात्रीसुद्धा देवच. ती रिकामी वाजवली की मामा, म्हणजे माझे सासरे, असे बघायचे की जणू मी लक्ष्मीचंच नाक कापलं.

नवरा शाळेत मास्तर, त्याला दुकानाचा कंटाळा. मामांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मीच म्हणाले, "मी बसते."

"आठ दिवस बस," मामा म्हणाले. "जमलं तर किल्ली तुझी. न्हाई तर दुकान भाड्यानं देऊन टाकू."

मला ते दुकान हवं होतं. अकरा वर्षं भाकरी थापून मला चुलीचा वीट आला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

पहिल्या दिवशी शटर वर जातंय तोच फोन.

"उंबऱ्यावर पाणी शिंपडलं?"

"हो मामा."

"अगरबत्ती मीटरपट्टीवरून फिरवली?"

"फिरवली."

"घंटा वाजव, ऐकू दे."

मी एका हातात फोन, दुसऱ्या हातात घंटा धरून वाजवली. मामांच्या डोळ्याला पट्टी होती, पण कान शाबूत.

"आता पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ देऊ नको."

फोन ठेवला आणि एक म्हातारा पायरी चढून आला. पायात चप्पल नव्हती. म्हणाला, "हिरवं लुगडं द्या."

"कुणासाठी, काका?"

"मंडळीसाठी."

सकाळी सकाळी बायकोला लुगडं! मी चार काढली, पदर उलगडून दाखवायला लागले. त्यानं वरच्याच लुगड्यावर हात ठेवला. भाव केला नाही, पदर बघितला नाही. असलं गिऱ्हाईक रोज मिळो, असं मनात म्हणत मी पिशवी दिली. "काकूंना आवडलं नाही तर बदलून देऊ. परत या हं."

तो जरा वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला आणि गेला.

दुपारी जेवताना मी हे मामांना फुशारकीनं सांगितलं.

"भाव केला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पदर बघितला?"

"नाही."

मामांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग हळू म्हणाले, "पोरी, सवाष्ण गेली आसंल त्याची. तसल्या गिऱ्हाइकाला परत या म्हणत न्हाईत."

सवाष्ण गेली की हिरवं नेसवतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या आजीलाही हिरवंच नेसवलं होतं. पण गादीवर बसल्यावर मला माणूस दिसलाच नाही, गिऱ्हाईक दिसलं. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली.

आठ दिवस काही पुरे झाले नाहीत. चौथ्याच दिवशी मामा काळा चष्मा लावून गादीवर हजर, किल्ली त्यांच्या कमरेला. मी मागच्या कपाटात साड्या लावायला लागले.

बाराव्या दिवशी तो म्हातारा पुन्हा आला. मी साड्यांच्या कपाटाआड सरकले. तेराव्याला द्यायचे टोपी-टॉवेल त्यानं मामांकडून घेतले आणि विचारलं, "त्या बाई कुठं हायत?"

मला बाहेर यावंच लागलं. "काका, चुकलं माझं," मी म्हणाले.

"कशाचं चुकलं?" तो म्हणाला. "घरातून निघालो की ती रोज 'या' म्हणायची. त्या दिवशी मागून कुणी म्हणलं न्हाई. हितं तुम्ही म्हणला. म्हणून हितंच आलो."

त्यानं पिशवी उचलली. "येतो," म्हणाला.

मी ओठ घट्ट मिटून उभी. पायरीपर्यंत गेला तरी मी बोलेना, तेव्हा मामांनी चष्मा वर केला.

"म्हण की, पोरी."

"या काका," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या कमरेच्या किल्लीनं शटर मीच उघडलं. पाणी शिंपडलं, अगरबत्ती फिरवली, घंटा वाजवली. मामांचा फोन आला नाही.