ताप लिहा

सरांनी माझा रजेचा अर्ज भर वर्गात वाचला. मी दारात उभी होते. माझी पोरगी बाकाजवळ उभी होती, दप्तर पाठीवर घेऊन, निघायच्या तयारीत.

आधी मराठीत वाचला, मी लिहिला होता तसा. ‘जातीच्या दाखल्याच्या चौकशीसाठी मुलीला तहसील कचेरीत हजर करायचे आहे, म्हणून आज दहानंतर रजा द्यावी.’ वर्गातल्या निम्म्या पोरांना मराठी येत नाही. म्हणून मग तेलुगूत सांगितला. कुणाला समजायचं राहू नये. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "परीक्षा तोंडावर आली. आणि यांच्या लोकांचं हे असं. कागदासाठी शाळा बुडवायची."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर्टिफिकेट पिल्ला." पिल्ला म्हणजे तेलुगूत पोरगी. वर्ग हसला. सरांनी कुणाला गप्प केलं नाही. डस्टर उचललं आणि फळा पुसायला लागले.

माझी पोरगी चौथीत आहे.

हा माणूस परका असता तर एवढं लागलं नसतं. आम्ही आदिलाबादकडच्या तेलुगू मुलखात, तामसीजवळच्या एका खेड्यात राहतो. माझी पिठाची गिरणी आहे. नवरा मंचेरियलला ठेकेदाराकडे कामाला, महिन्यातून एकदा येतो. घरचं, बाहेरचं, कचेरीचं सगळं मीच बघते. सरांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, शिकलेलं, नोकरीतलं. आदिलाबादच्या रस्त्यावरची ती खासगी शाळा त्यांचीच. पोरगी दुसरीत जायची होती तेव्हा ते स्वतः गिरणीवर आले होते. पिठाच्या धुळीत, पांढऱ्या शर्टानं. आमच्यासारखंच मराठी बोलत.

"काऊन ताई, पोरीला सरकारी शाळेत टाकून राह्यल्या? आपली शाळा हाय न."

"फी झेपन काय, सर?"

"फीचं पाहू. आपल्या मानसाचं आपन नाही पाह्यचं तं कोन पाहीन?"

कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी, असा जन्म काढलेल्या बाईला ‘आपली’ हा शब्द केवढा वाटतो, ते सांगून कळायचं नाही. मी पोरीला तिथे घातलं. दळण घेऊन येणाऱ्या बायांनाही सांगितलं, आपल्या माणसाची शाळा आहे. त्यांनीही घातलं.

पोरीला पाचवीपासून गुरुकुलात जायचं आहे. सरकारी निवासी शाळा, राहणं-जेवण तिथंच. प्रवेशपरीक्षेच्या फॉर्मला जातीचा दाखला लागतो. सासरे किनवटकडून, सीमेपलीकडून इकडे आलेले, म्हणून आमचे कागद सरळ जात नाहीत, चौकशी होते. चौकशी करणारा महसूल अधिकारी, गिरदावर, म्हणाला, मुलीला घेऊन या. काम तासाभराचं. पण कचेरी उघडी असते तेव्हा शाळाही उघडी असते, आणि रविवारी दोन्ही बंद. यात माझ्या हातात काय होतं?

आदल्या दिवशी मी अर्ज घेऊन सरांच्या खोलीत गेले. पोरगी सोबत होती. त्यांनी वाचला. ‘जातीच्या दाखल्याच्या’ या शब्दांवर पेनाचं टोक ठेवलं.

"ताई, हे असं उघडं काऊन लिवता? ताप लिहा."

"ताप तं नाही तिले."

"नसू द्या न. ताप लिवला की कोनी विचारत नाही. सगळे तेच लिवतात. आपल्यातलं आपल्यात राहीन."

मागच्याच आठवड्यात डॉक्टरांची मुलगी, पोरीच्याच वर्गातली, पासपोर्टच्या कामासाठी हैदराबादला गेली होती. तेही कचेरीचंच काम. तेही न टळणारं. सकाळच्या प्रार्थनेत सरांनी ते माइकवरून सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझी पोरगी घरी येऊन म्हणाली होती, आई, ती विमानात बसणार.

मी विचारलं, "डॉक्टरसायबाच्या पोरीच्या अर्जात काय लिवलं होतं, सर?"

"पासपोर्ट."

"ताप नाही?"

ते हसले. "ते येगळं हाय, ताई."

मी हिशेबाची बाई आहे. दळण मोजून घेते, पीठ मोजून देते, घट किती आली ते तोंडावर सांगते. ताप लिहिला तर शाळेत पोरगी आजारी आणि कचेरीत पोरगी हजर, एकाच दिवशी. उद्या कुणी पडताळलं तर खोटं कोण ठरणार? मी आणि माझी पोरगी. सर नाही. मी शब्द बदलला नाही.

"बरं, राहू द्या माझ्याजवळ," ते म्हणाले, आणि अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. मला वाटलं, झालं काम.

तो अर्ज ड्रॉवरमधून निघाला तो थेट वर्गात.

त्या दिवशी कचेरीत पोरगी माझ्या शेजारी बाकावर बसली. गिरदावरानं नीटच विचारलं. तेलुगूत. नाव काय, वडील कुठले, घरी कोणती भाषा. माणूस वाईट नव्हता. पण ती बोलली नाही. फरशीकडे बघत राहिली. त्यानं पाणी मागवलं, पुन्हा विचारलं. मी उत्तर द्यायला लागले तर म्हणाला, तुम्ही नाही अम्मा, तिनं सांगायचं. शेवटी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. फॉर्मची मुदतही त्याच आठवड्यात संपत होती.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "आई, मी नाही येत आता त्या हापिसात."

"गुरुकुलात नाही जायचं तुले?"

तिनं दप्तर मांडीवर ओढलं. मग म्हणाली, "जायचं हाय. पन तू ताप लिव."

खिडकीबाहेर कापसाची वावरं मागे जात होती. सरांनी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. पोरीनं ऐकलं होतं. डॉक्टरांच्या घरचा कागद टाळ्यांचा आणि आमच्या घरचा कागद लपवायचा, हे तिला कळलं होतं. पासपोर्टला ताप लागत नाही. जातीला लागतो. हे तिच्या कुठल्या पुस्तकात नाही. तरी शाळेतच शिकली. फी मी भरली.

आणि मलाही कळलं. गिरणीवर मी आपली होते. फीच्या दिवशी आपली होते. दाखल्याचा शब्द कागदावर आला आणि आम्ही ‘यांचे लोक’ झालो. मधे फक्त एक रात्र गेली होती.

पुढच्या अर्जात मी तेच शब्द लिहिले. फक्त तारीख नवी. सरांच्या खोलीत दुसरे पालक बसले होते. सरांनी अर्ज वाचला आणि परत सरकवला. आता ते शुद्ध बोलत होते. आणि मी ताई नव्हते.

"बाई, मागच्या वेळी काय झालं ते पाहिलंत ना? तुमच्या भल्यासाठीच सांगतो. ताप लिहा."

"मागच्या वेळी झालं ते तुमी केलं, सर. अर्ज तुमाले दिला होता. वर्गाले नाही."

"आवाज खाली ठेवा."

"खालीच हाय. तुमी वाचला तेवा याच्याहून मोठा होता."

एक पालक खाकरले. सर त्यांच्याकडे बघून हसले, मग माझ्याकडे वळले. "एवढं खटकत असेल तर मुलीचं नाव काढून टीसी घेऊन जा. गुरुकुलात सगळं फुकटच आहे."

"टीसी नाही पायजे. सही पायजे. याच शब्दाखाली."

ते फोन बघत बसले. मी उभी राहिले. घंटा झाली. पालकांपैकी कुणी उठलं नाही, कुणी माझ्या बाजूनं बोललंही नाही. मी हलत नाही म्हटल्यावर त्यांनी सही केली आणि कागद टेबलाच्या कडेला ढकलला. खाली पडला. मी उचलला.

वर्गाच्या दारातून पोरीला हाक मारली. ती उठली. मागच्या बाकावरून तेच आलं, ‘सर्टिफिकेट पिल्ला.’ ती जागच्या जागी थांबली. माझं तेलुगू मोडकं आहे. तरी तेलुगूतच बोलले. म्हटलं, हिला ताप नाही. आम्ही जातीचा दाखला काढायला चाललो आहोत.

दोघं-तिघं तरी हसलेच.

कचेरीत ती बोलली. हनुवटी छातीला लावून, पण बोलली. नाव, बापाचं गाव, घरी मराठी. दाखला मुदतीच्या आत मिळाला, फॉर्म भरला गेला. परतताना ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दारातून सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून. तिचा तो राग अजून आहे. मी समजवायला गेले नाही. तिचा आहे, तो तिच्याजवळ राहू दे.

गिरणीवर बाया म्हणतात, "काऊन वो, आपल्याच मानसाशी भांडलीस?"

मी म्हणते, "कोनाच्या मानसाशी?"

त्यांचीही पोरं त्याच शाळेत आहेत. माझ्याच शब्दावर गेलेली. त्यांनाही तारखा येतील, आधारच्या, दाखल्याच्या. मी त्यांना सांगितलं आहे, अर्ज माझ्याकडून लिहून न्या. कारण खरं लिहीन, पूर्ण लिहीन. पोरीची टीसी मी काढणार नाही. वर्ष संपेपर्यंत ती त्याच वर्गात बसेल. आणि ज्या दिवशी आमच्यातल्या एकीच्याही अर्जावर सही मिळणार नाही, त्या दिवशी आम्ही सगळ्या जणी त्या खोलीत जाऊन बसू. सही होईपर्यंत उठणार नाही.